डॉक्टरांनी न घातलेली बंदी

"उद्या मीही येते तुझ्याबरोबर," बायको म्हणाली, आणि भोंग्याच्या हातातला कप काही केल्या बशीत नीट बसेना.

भोंगा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात तो ट्रम्पेट वाजवायचा. रंगमंचासमोरच्या खड्ड्यात बसून त्याने सूर लावला की शेवटच्या रांगेत पेंगणारा माणूससुद्धा दचकून जागा व्हायचा, म्हणून वादकांनी हे नाव चिकटवलं. बायको त्याच नाट्यगृहाचा कपडेपट सांभाळायची. राजाच्या अंगरख्यापासून हवालदाराच्या पट्ट्यापर्यंत सगळं तिच्या ताब्यात. चारचौघांत ती नवऱ्याला अहो-जाहो करायची, घरात दार लावलं की अरे-तुरे. लग्नाला तीस वर्षं उलटून गेली तरी हे दोन्ही हिशेब तिने कधी एकमेकांत मिसळू दिले नव्हते.

"तू कशाला? नुसती तपासणी आहे. पाच मिनिटांचं काम."

"पाच मिनिटांचं आहे तर मला जमेल की."

"नव्या नाटकाचे कपडे पडलेत ना तुझे?"

"पडू देत. मला त्यांना एक विचारायचंय."

"काय विचारायचंय?"

तिने दाराकडे पाहिलं. घरात दोघांशिवाय कुणी नव्हतं, तरी पाहिलं. "बंदी कधी उठणार ते."

कप बशीत बसला. चहा मात्र बशीत आला.

*

ही बंदी काय भानगड होती ते आधी सांगायला हवं, नाहीतर या माणसाचा चहा का सांडला ते कळायचं नाही.

भोंग्याला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता. वेळेवर निघाला. ऑपरेशन करून ती ग्रंथी काढून टाकली, काही दिवस लघवीची नळी ठेवली, मग नळीही काढली. सर्जन माणूस सरळ बोलणारा होता. त्याने भोंग्याला समोर बसवून सांगितलं, "आजार गेलाय. एका बाजूच्या नसा वाचवता आल्यात. आता दोन गोष्टी परत यायला वेळ लागेल. एक, लघवी आवरणं. त्यासाठी व्यायाम. दुसरी तुम्हाला कळलीच असेल. तिच्यासाठी या गोळ्या. आणि बायकोपासून लांब राहू नका. जमेल तेवढी जवळीक ठेवा. तिथलं रक्त फिरतं राहिलं पाहिजे."

भोंगा बाहेर आला. व्हरांड्यात बायको पिशवी पोटाशी धरून उभी होती. "काय म्हणाले?"

आणि तो म्हणाला, "वर्षभर काही करायचं नाही म्हणाले. आतले टाके नाजूक आहेत."

खोटं बोलायचं असं त्याने ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि ते बाहेर पडलं. हल्ली त्याच्या शरीरातून बऱ्याच गोष्टी अशाच न विचारता बाहेर पडत होत्या.

पण एकदा बोलल्यावर त्याला कळलं की ही तर आयतीच भिंत मिळाली. भिंतीच्या पलीकडे बायको, अलीकडे तो, आणि जे उभं राहणार नाही ते कुणाला बघावं लागणार नाही. गोळ्यांची पाकिटं त्याने न फोडता बुटांच्या खोक्यात टाकली. पुढच्या भेटीत सर्जनने विचारलं, "कसं चाललंय?" तर म्हणाला, "उत्तम." घरी बायकोने विचारलं, "लघवीचं कसं आहे?" तर म्हणाला, "कोरडा ठणठणीत." गळतीसाठी लावायचे पॅड तो शर्टाखाली लपवून नाट्यगृहात न्यायचा आणि मागच्या बोळातल्या कचऱ्यात टाकायचा. चड्ड्या स्वतः धुवायचा. आयुष्यात कधी रुमाल न धुतलेला माणूस चड्ड्या धुतो म्हटल्यावर बायकोला शंका यायला हवी होती. ती म्हणाली, "आजारपणाने शहाणा झालास."

बंदी मात्र तिने अक्षरशः पाळली. त्याच्यापेक्षा जास्त पाळली. पलंग सोडून खिडकीपाशी दिवाणावर झोपायला लागली. स्वयंपाकघरात तो मागून गेला तर ओट्याला चिकटून उभी राहायची. त्याच्या पाठीवरून हात फिरवायची तिची जुनी सवय होती, तीही सुटली.

म्हणजे सर्जनला एक सांगून ठेवलेलं, बायकोला दुसरं. इतके महिने दोघं एकमेकांना भेटले नव्हते म्हणून निभावलं. उद्या मात्र हॉस्पिटलच्या खोलीत ती शेजारी असणार.

*

हॉस्पिटलचा तळमजला. भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या. ही वेळ सर्जनची नव्हती, व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओ बाईंची होती. "त्यांना एकदा दाखवून या," असं सर्जन दोनदा म्हणाला होता आणि दोन्ही वेळा भोंग्याने टाळलं होतं; या वेळी सर्जनने स्वतःच वेळ ठरवून टाकली होती. त्यातल्या त्यात बरं, असं तो स्वतःला सांगत होता. व्यायामवाल्या बाईला गोळ्यांचं काय माहीत असणार?

बायको शेजारी. मांडीवर पिशवी. पिशवीत हिशेबाने आणलेली केळी.

त्याच्या डोक्यात प्रसंग सुरू झाला. अजून घडलेला नाही, नुसता डोक्यातला.

बायको विचारते, बंदी कधी उठणार? बाई म्हणतात, कसली बंदी? तो मोठ्याने हसतो आणि म्हणतो, अगं, ती जड उचलायची बंदी, ती कधीच...

नाही. हसताना गळतं. हा प्रसंग रद्द.

दुसरा. बायकोने तोंड उघडायच्या आतच तो विचारतो, बाई, पाण्याचं प्रमाण किती ठेवू? बाई पाण्यावर बोलत राहतात, वेळ संपतो, पुढचा पेशंट आत येतो. हा बरा होता. फक्त यात बायको गप्प बसायला हवी, आणि ती तर

"अहो, पाय हलवू नका. आख्खी रांग हलतेय खुर्च्यांची."

तिसरा. तो आत्ता, इथेच, सगळं सांगून टाकतो. अगं, बंदी नाहीच. कधी नव्हतीच. मी

"मी जरा जाऊन येतो," तो म्हणाला.

"आत्ताच तर जाऊन आलात."

"परत एकदा."

"कोरडे ठणठणीत आहात ना?"

"हॉस्पिटलात आलं की होतं तसं. वातावरणाने."

तो गेला. नळ, आरसा, त्यात स्वतःचा चेहरा. पॅड बदलला, आणि जुना वर्तमानपत्रात गुंडाळेपर्यंत बाहेरून त्याचं नाव पुकारलेलं ऐकू आलं. तिसरा प्रसंग अर्धवटच राहिला.

*

फिजिओ बाई चाळिशीच्या, केस आखूड, बोलणं चटपटीत. खोलीत उंच पलंग, एक छोटा पडदा असलेलं यंत्र, आणि कोपऱ्यात एकच खुर्ची. बायको खुर्चीवर बसली. बाईंनी ऑपरेशनची विचारपूस केली, रात्री किती वेळा उठता विचारलं, खोकताना काय होतं विचारलं.

"खोकताना काही नाही," भोंगा म्हणाला.

"खोकून दाखवा."

"आत्ता खोकला नाहीये."

बाई हसल्या. "पाणी किती पिता?"

चला, पाणी आलं, दुसरा प्रसंग खरा होतोय, असं वाटून तो सरसावून बसला. "कमी केलंय. सकाळी एक पेला, मग एकदम जेवताना."

"तिथेच चुकताय. लघवी घट्ट होते, लघवीच्या पिशवीला टोचते, आणि मग जास्त वेळा जावं लागतं. भरपूर प्या. बरं, गोळ्या नियमित चालू आहेत ना?"

"कसल्या गोळ्या?" बायको म्हणाली.

"त्या, ताकदीच्या," भोंगा म्हणाला.

"ताकदीच्या कुठे? रक्तपुरवठ्याच्या," बाई सरळपणे म्हणाल्या. "संबंधांसाठी सर्जनने दिल्यात त्या. घेताय ना? जवळीक चालू ठेवलीय ना तुम्ही दोघांनी?"

बायकोने पिशवी खाली ठेवली. "पण त्या गोष्टीला तर बंदी आहे ना? वर्षभर?"

"कुणी घातली?"

खोलीत यंत्राचा पंखा घुरघुरत होता. दोघीही त्याच्याकडे बघत होत्या. एक कुतूहलाने. दुसरी कशी बघत होती ते त्याने पाहिलंच नाही.

"मला," तो म्हणाला, "जायचंय," आणि

*

दाराला आतून कडी. कपाळ दारावर. आता बाहेर काय चाललं असेल? बायको रडत असेल. नाही, ती रडणाऱ्यातली नाही. निघून गेली असेल. केळी ठेवून निघून गेली असेल. की बाईंना सांगत असेल, असा खोटारडा माणूस, तीस वर्षं? आणि बाई म्हणत असतील, पुरुष सगळे असेच? हात धुतले. पुन्हा धुतले. मागच्या बाजूने एक दार होतं, ॲम्ब्युलन्सकडे उघडणारं, येताना त्याने पाहिलं होतं. त्या दाराने जाऊन जायचं कुठे? घरी? तिथेही तीच येणार.

तो परत आला तेव्हा बायको होती तशीच बसलेली. चेहऱ्यावर काही नाही. नटीला कपडा घट्ट झाला आणि पडदा उघडायला क्षण उरले असले की तिचा असा चेहरा व्हायचा.

"ऐकण्यात काहीतरी चूक झाली आमच्या," ती बाईंना म्हणाली. "तुम्ही तपासा त्यांना."

म्हणजे तिने झाकलं होतं. हे जास्त वाईट होतं.

*

बाईंनी त्याला पलंगावर आडवं केलं, ओटीपोटावर गार जेल लावलं आणि वरून यंत्राचा दांडा टेकवला. पडद्यावर करडं धुकं आणि त्यात एक काळी पिशवी. "ही तुमची लघवीची पिशवी. तिच्या तळाशी ही पांढरी रेघ दिसते? तो खालचा स्नायू. व्यायाम करून दाखवा, रेघ वर उचलली गेली पाहिजे."

हे मात्र त्याला येत होतं. बाकी सगळ्यात तो खोटारडा असेल, पण व्यायाम त्याने प्रामाणिकपणे केला होता. सकाळी, दुपारी, तालमीत, सूर नसलेल्या प्रत्येक जागेत. त्याने छाती भरून श्वास घेतला, रोखला, पोट लाकडासारखं केलं आणि सगळा जोर लावला.

पांढरी रेघ खाली गेली.

"पुन्हा."

त्याने आणखी जोर लावला. मानेच्या शिरा फुगल्या. रेघ आणखी खाली.

बाई पडद्याकडे आणि मग त्याच्याकडे बघू लागल्या. "अहो, तुम्ही उचलत नाही. ढकलताय."

"हा उंच सूर लावतो ना, तेव्हा असंच करतो," कोपऱ्यातून बायको म्हणाली. आपण चारचौघांत 'हा' म्हणालो हे तिच्या लक्षात आलं नसावं. ती खुर्ची सोडून पडद्याजवळ आली होती. "विंगेतून बघते ना मी. आधी श्वास कोंडतो, मग मान फुगते, मग पोटातून दाब देतो. अगदी हेच."

"काय वाजवतात?"

"ट्रम्पेट."

"मग बरोबर. वाजवणाऱ्याचं शरीर जोर म्हणजे दाब असंच समजणार." बाई भोंग्याकडे वळल्या. "इतके महिने तुम्ही रोज त्या बिचाऱ्या स्नायूला खाली ढकलताय. शिवाय वाजवतानाही ढकलताय. गळायचं थांबणार कसं?"

"गळतंय?" बायको म्हणाली.

भोंग्याने चेहरा भिंतीकडे वळवला.

भोंग्याला वाटलं, उठावं आणि त्या यंत्राची वायर उपसावी. जी एक गोष्ट खरी केली तीही उलटी. सूर नीट लागावा म्हणून गुरूने बारक्या वयात पोटावर बुक्क्या मारून बसवलेला श्वास, आणि तोच आता

"सोडा पोट," बाई म्हणाल्या. "श्वास कोंडू नका, चालू ठेवा. आता असं समजा की तुम्ही नदीच्या गार पाण्यात उतरताय. गुडघे, मांड्या, आणि आता पाणी तिथपर्यंत आलं. सगळं कसं आपोआप आत आखडतं? तेवढंच. लिंग आत ओढून घ्या, वृषण किंचित वर. पोट नाही, कुल्ले नाहीत, मान तर नाहीच."

त्याने डोळे मिटले. पाण्यात उतरला. काही झालं असं त्याला वाटलं नाही.

"ते बघा," बाई म्हणाल्या.

त्याने डोळे उघडले. रेघ हलली होती. वर. तिळाएवढी.

"एवढंच?"

"एवढंच. याहून जोर नको. आणि दर वेळी सोडायलाही शिका, सारखं आवळून ठेवलं तर संध्याकाळपर्यंत दमतो तो."

तीस वर्षं सगळं नाट्यगृह दणाणून सोडणाऱ्या माणसाला तिळाएवढं हलायला सांगत होते. त्याने पुन्हा केलं. तीळ. पुन्हा. या वेळी तीळही नाही. बायकोकडे बघायची हिंमत होत नव्हती, म्हणून तो पडद्याकडेच बघत राहिला.

*

बाहेर ऊन होतं. बायको पुढे चालली होती, तो मागे. रस्त्यावर ओळखीचं कुणी नव्हतं.

"अहो, रस्ता ओलांडताना बघा जरा," ती न वळता म्हणाली.

भोंगा रस्त्यातच थबकला. दोघंच असताना अहो. घरातल्या घरात, भांडून भांडून पार तुटायची वेळ आली होती त्या वर्षीसुद्धा ती असं बोलली नव्हती.

एका बंद दुकानाच्या पायरीवर ती बसली. तो उभाच राहिला.

"बसा."

तो बसला.

"मी तुम्हाला हात लावला नाही इतके महिने. का माहीत आहे?"

"बंदी म्हणून."

"टाके म्हणून! आतले टाके नाजूक आहेत म्हणालात. मी टाके घालून पोट भरते. अंगरख्याची शिवण काखेत कशी उसवते ते मला माहीत आहे. एक धागा सुटला की सरसर जातं सगळं. तुमच्या पाठीवर हात ठेवायचा म्हटलं तरी डोळ्यांसमोर तेच. आत कुठेतरी धागा सुटलाय आणि मला दिसत नाहीये. दिवाणावर पडून मी तुमचा कूस बदलल्याचा आवाज ऐकायची आणि म्हणायची, देवा, हळू वळू दे याला."

भोंग्याला हे कधी सुचलंच नव्हतं. त्याच्यासाठी टाके हा नुसता शब्द होता, घाईत तोंडाला आलेला.

"मला वाटलं..." तो म्हणाला.

"काय वाटलं?"

"तुला बघायला लागेल. काही होत नाही ते. आणि मग तू चांगलं वागशील. समजुतीने. ते मला नको होतं."

समोरून एक सायकलवाला गेला, त्याच्या मागे कुत्रं.

"आता माझंही ऐक," ती म्हणाली. 'ऐक' म्हणाली हे त्याने टिपलं, पण हुश्श करायची वेळ नव्हती. "तू वर्षभर बंदी म्हणालास ना, तेव्हा मला हायसं वाटलं होतं."

"हायसं?"

"घाबरले होते मी. तुझं तोंड पडलेलं दिसलं असतं, मग माझ्या तोंडावर काय उमटलं असतं कुणास ठाऊक. म्हटलं, वर्षभर सुटले."

हे त्याला लागलं. आपण खोटं बोललो ते बाजूलाच राहिलं आणि याचाच राग आला. "म्हणजे तुलाही नकोच होतं. मग ओरडतेस कशाला?"

"नको नव्हतं. भीती वाटत होती. दोन्ही एकच आहे का?"

"मला काय माहीत!"

"आवाज खाली. भोंगा आहेस ते गावाला सांगू नकोस."

त्याला हसू आलं आणि त्याच क्षणी गळलं. गरम, थोडंसं, ओळखीचं. त्याने मांड्या आवळल्या. तिने पाहिलं. आता ती पाहणारच होती, सगळं.

"आणखी काय लपवलंयस?" ती म्हणाली. "आत्ता सांग. एकदाच. मग मला हप्त्याहप्त्याने नको."

भोंग्याने पायरीवरच्या धुळीत बुटाने रेघ ओढली. पुसली. "मी एकदा एकट्याने करून पाहिलं. बाथरूममध्ये."

"बरं."

"नीट उभं नाही राहिलं. पण तरी शेवट झाला. कोरडाच. काही आलं नाही. म्हणजे ते आलं नाही." त्याने धुळीत पुन्हा रेघ ओढली. "लघवी आली. मला वाटलं आत काहीतरी फुटलं. मी फरशीवर बसून राहिलो. तू बाहेरून विचारलंस, एवढा वेळ काय करतोयस, तर मी म्हणालो दाढी."

"दाढी," ती म्हणाली. "दोनदा दाढी केलीस त्या दिवशी. मला वाटलं काही समारंभ आहे."

"तेव्हापासून हिंमत नाही झाली."

"हे त्यांना का नाही विचारलंस? त्या बाईंना? सर्जनला?"

"तुलाच सांगितलं नव्हतं, त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?"

ती उठली. पिशवी खांद्याला लावली. "चल परत."

"कुठे?"

"आत. विचारायला."

"वेडी आहेस का? दुसरा पेशंट असेल. आपण पुढच्या वेळी..."

"पुढच्या वेळी तू नवी बंदी आणशील."

*

फिजिओ बाई दारातच भेटल्या, हातात डबा, जेवायला निघालेल्या. व्हरांड्यात चार माणसं खुर्च्यांवर. बायकोने बाईंना खांबाआड घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, पण हळू म्हणजे तिच्या हिशेबाने हळू. भोंगा खांबाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहून आगीपासून बचावाच्या सूचना वाचत होता.

"होतं की," बाई म्हणाल्या. "बऱ्याच जणांचं होतं. काही फुटलेलं नाही. ग्रंथीच नाही तर वीर्य कुठून येणार? कोरडंच असणार, कायमचं. पण आनंद होतो ना, तो राहतो. आणि थोडी लघवी त्या वेळी निसटते, त्याने काही बिघडत नाही. आधी जाऊन या. खाली जाडसं काही टाका. आणि त्यांना सांगा, जमलंच पाहिजे म्हणून सुरुवात करू नका. कित्येकांना दीड-दोन वर्षं लागतात. काहींना पूर्वीसारखं नाहीच होत. मग दुसरे उपाय आहेत, पंप आहे, इंजेक्शन आहे. आत्ताच घाबरू नका."

'काहींना नाहीच होत' एवढंच भोंग्याच्या कानात राहिलं. बाकी सगळं आगीच्या सूचनांत मिसळून गेलं.

*

दुपारी घरी. संध्याकाळी प्रयोग नव्हता. बुटांचं खोकं पलंगावर.

गोळी रिकाम्या पोटी घ्यायची आणि तासभर थांबायचं. भोंग्याने ती पेलाभर पाण्याबरोबर घेतली. पाणी भीत भीत प्याला. मग दोघं पलंगाच्या दोन कडांना बसून राहिली, कपड्यांनिशी, जशी सकाळी त्या खुर्च्यांवर बसली होती.

"काही वाटतंय?" तिने विचारलं.

"डोकं जड झालंय."

"डोक्याची गोळी दिलीय का त्यांनी?"

"कान पण गरम झालेत."

"छान. वरून खाली येतंय म्हणजे."

हे सगळं हसण्यासारखं होतं आणि दोघांपैकी कुणीही नीट हसत नव्हतं. ती उठून कपाटात वाकली आणि पाठीवर सोडायची एक जाड लाल झूल बाहेर काढली, सोनेरी कड असलेली. एका जुन्या नाटकातल्या सेनापतीची, पाठीवर फाटलेली, दुरुस्तीला आणून पडलेली.

"हे?"

"जाडसं काही टाका म्हणाल्या ना. धुता येतं. आत अस्तर आहे मजबूत."

"सेनापतीला काय वाटेल?"

"त्याने पहिल्याच अंकात मार खाल्लाय. तो काही बोलणार नाही."

तो दोनदा बाथरूमला जाऊन आला. तिसऱ्यांदा निघाला तेव्हा तिने मनगट धरलं. "पुरे."

झुलीची कड पाठीला टोचत होती. पडद्यांतून उजेड येत होता, ते आणखी ओढायला हवे होते, पण आता उठायचं कोण? तिने हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. कुठे ठेवायचा ते तिला कळेना. एवढ्या वर्षांच्या संसारानंतरही. मग त्याच्या पोटावर ठेवला, बेंबीखाली, जिथे सकाळी तो दांडा टेकला होता. हात गार होता. भोंग्याचं पोट लगेच लाकूड झालं.

"सोड," ती म्हणाली. "दाब नको देऊस. श्वास घे."

"घेतोय."

"कोंडलायस."

त्याने सोडला. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. इतके महिने ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो चेहरा, आणि त्यावर जे उमटेल ते त्याला बघायचं नव्हतं, आणि आता तो नजर हटवू शकत नव्हता. तिथे समजूत नव्हती. कीवही नव्हती. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. ती घाबरली होती. सुईत दोरा जात नसताना आणि खाली तिसरी घंटा झालेली असताना दिसायची तशी घाबरलेली.

थोडं काही झालं. थोडंच. झालं असं म्हणता येईल आणि नाही असंही म्हणता येईल, एवढं. मग ते गेलं. मग पुन्हा थोडं. त्याला मोजायचं नव्हतं आणि तो मोजत होता, आणि मोजता मोजता त्याला आतून ती ओळखीची गरम चाहूल लागली. गार पाणी, तो स्वतःला म्हणाला, नदी, गुडघे, मांड्या. उशीर झाला होता.

तो गोठला. "थांब."

"दुखतंय?"

"नाही."

"मग काय झालं?"

टाके. वातावरण. डोकं जड. तिन्ही उत्तरं जिभेवर हजर होती, रांगेत, एकमेकांना ढकलत.

"गळलं," तो म्हणाला. "तुझ्या हातावर."

"कळलं ते मला," ती म्हणाली. हात तिथेच होता. "मग?"

भोंगा छताकडे बघत राहिला. इतक्या महिन्यांत त्याने तिच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आधी तयार करून ठेवलं होतं. या एकाचं नव्हतं.

"मग काही नाही," तो म्हणाला शेवटी, आणि आपला श्वास चालू आहे का ते त्याने तपासून पाहिलं. चालू होता.